विहीणबाईंचं श्रीखंड आणि नानांचा ब्लॉग : बडोद्यातल्या एका घराचं प्रकरण

कुटुंब-समुपदेशनात ऐकायला मिळणारी बहुतेक प्रकरणं सांगताना आवाज आपोआप खाली जातो. हे प्रकरण तसं नाही. यात रुसवे होते, रात्रीची जागरणं होती, एका पाहुणीने भरलेली बॅग होती, आणि तरीही घरातला एकही माणूस हे सांगताना हसल्याशिवाय राहिला नाही. म्हणूनच ते सविस्तर लिहावंसं वाटलं. लिहिण्याचा नाद लागलेल्या माणसाशी कसं वागावं, हे या घराने फार चांगलं शोधून काढलं.

ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. घरातल्या पाचही जणांनी आणि विहीणबाईंनी हा मजकूर आधी वाचला. काकूंनी एक वाक्य खोडलं, ते मी काढून टाकलं आहे.

पार्श्वभूमी

नाना बँकेतून निवृत्त झालेले. पणजोबा गायकवाड सरकारच्या नोकरीसाठी कोकणातून बडोद्याला आले, तेव्हापासून घराणं इथलंच. बालपण दांडिया बाजारातल्या वाड्यात गेलं, आता मांजलपूरला फ्लॅटमध्ये राहतात. घरात काकू, मुलगा, सून आणि शाळेत जाणारी नात.

नाना लहानपणापासून वाचणारे. बडोद्यात हे नवल नाही. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, १९१० मध्ये अमेरिकेहून बोर्डन नावाचे ग्रंथालयतज्ज्ञ बोलावून गावोगावी वाचनालयं उभी करायला घेतली. मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी त्याच काळातली. नानांच्या वडिलांनी त्यांना तिथे बोट धरून नेलं होतं. काचेच्या फरशा, लोखंडी मांडण्या, वर कोणी चाललं की खाली हलणारी सावली, यावर नानांनी लिहिलेलं मी वाचलं आहे. ते खरोखर चांगलं आहे, कोणत्याही दिवाळी अंकात शोभेल असं.

लिहायला सुरुवात झाली ती २०१८ च्या फेब्रुवारीत. ९१ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन बडोद्याला भरलं, लक्ष्मीकांत देशमुख अध्यक्ष होते. नाना तिन्ही दिवस तिथे होते. पुस्तकांच्या दोन जड पिशव्या आणि डोक्यात एक विचार घेऊन घरी आले. त्याच आठवड्यात सुनेने त्यांना ब्लॉगरवर ब्लॉग उघडून दिला. निवृत्तीनंतर नाना जरा हरवल्यासारखे झाले होते, त्यामुळे घराला आनंदच झाला. काकू तर शेजारपाजारी सांगायच्या, "आमचे हे लिहितात हो आता."

पहिली दोन-तीन वर्षं वाडा पुरला. विहीर, माडी, सुरसागरावरचं विसर्जन, भाडेकरूंची भांडणं, मॅट्रिकचा निकाल. मग वाडा संपला. पण रोज काहीतरी टाकायची सवय तोवर हाडीमाशी भिनली होती. मजकूर हळूहळू साठ वर्षांपूर्वीच्या माडीवरून आज सकाळच्या डायनिंग टेबलावर आला. माझ्या मते या प्रकरणातला पहिला वळणबिंदू हाच होता, आणि तो कोणाच्याही लक्षात आला नाही. वाड्यातली माणसं तक्रार करायला येणार नव्हती. डायनिंग टेबलावरची समोरच बसलेली होती.

अडचण कशी वाढत गेली

सुरुवातीच्या खुणा नुसत्या गमतीच्या होत्या. गूगलच्या कळफलकात २०१७ पासून मराठी बोलून लिहिता येतं, आणि नानांचा अंगठा दुखायचा, म्हणून ते फोनला तोंडी मजकूर सांगत. फोन कानावर येईल ते सगळं टिपतो. कीर्ती मंदिरावरच्या एका लेखात, गायकवाड घराण्याच्या स्मृती जपणाऱ्या या वास्तूबद्दल अतिशय भारदस्त परिच्छेद चालू असताना मध्येच वाक्य येतं, "अहो दूध उतू जातंय तिकडे काय बघताय". नानांनी ते तसंच प्रसिद्ध केलं होतं. दोन दिवस कोणाच्या ध्यानात आलं नाही. मग पुण्याच्या आत्याने फोन करून विचारलं, "दूध वाचलं का?"

नंतर घरातल्या बोलण्याची चालच बदलली. नात कोणतंही वाक्य "आजोबा, हे टाकू नका हं" असं म्हणून सुरू करायला लागली. मुलगा ऑफिसमधल्या गोष्टी बाल्कनीत जाऊन बायकोला सांगायचा. सोसायटीतले एक गृहस्थ लिफ्टमध्ये नाना दिसले की बोलायचं थांबत. उलट एक काकू नटूनथटून खाली येत आणि विचारत, "आमच्यावर कधी लिहिणार?"

उत्तरायणाचा प्रसंग घरात अजून सांगतात. १४ जानेवारी, गच्चीवर अख्खी सोसायटी, उंधियूची पातेली, शेजारच्या गच्चीवरून "काप्यो छे!"च्या आरोळ्या. नात पतंग उडवत होती आणि फिरकी नानांच्या हातात. एका हातात फिरकी, दुसऱ्या हातात फोन. पेच लागला, नात ओरडत होती, "ढील द्या, आजोबा, ढील!" नाना वाक्य पुरं करत होते. पतंग कटला. पोरगी रडकुंडीला आली. नानांनी फोन तिच्यापुढे धरला आणि अगदी मनापासून विचारलं, "कटला त्या क्षणी तुला नेमकं काय वाटलं?"

या सगळ्यामागे एक आकडा होता. किती जणांनी वाचलं, हे ब्लॉगचा मालक केव्हाही पाहू शकतो. नाना तो झोपताना पाहायचे, रात्री दोनला उठून पाहायचे, पहाटे दात घासताना पाहायचे. सकाळी चहाबरोबर घरच्यांना जाहीर व्हायचा. त्यात रशियाचे वाचक बरेच असत. त्या वाचकांना अडचण होऊ नये म्हणून नानांनी पुरणपोळी म्हणजे काय, कटाची आमटी कशासाठी करतात आणि सोवळं म्हणजे काय, याचा खुलासा करणारा एक स्वतंत्र लेख लिहिला होता. मनात कळकळ होती. त्या लेखासाठी तीन दिवस पुरणाचे फोटो काढणं चालू होतं आणि पुरण तोवर विटलं.

श्रीखंड

सुनेची आई नाशिकहून रात्रीच्या बसने आली. मे महिना. सोबत घरच्या चक्क्याचं श्रीखंड, स्टीलच्या मोठ्या डब्यात. वाटेत उकाड्याने ते आंबलं. दुपारी पानात वाढलं तेव्हा पहिल्या घासालाच सगळ्यांना कळलं, पण एकानेही चकार शब्द काढला नाही. मुलाने दुसऱ्यांदा मागून घेतलं. नातीला आईने डोळ्यांनी दटावलं. कौतुक झालं, वाट्या रिकाम्या झाल्या.

नाना वामकुक्षीच्या वेळी "आंबट श्रीखंड, गोड माणसं" लिहून मोकळे झाले. त्यात कुचेष्टा नव्हती. एका माणसाचं मन राखायला पाच माणसांनी कसा निश्चय केला, याचं ते वर्णन होतं, आणि नानांना ते प्रेमाचंच वाटलं. विहीणबाईंच्या भाच्याने ते वाचून त्यांना पाठवलं. त्या तेव्हा नानांच्या समोरच्याच सोफ्यावर बसल्या होत्या. फोन वाजला, त्यांनी चष्मा लावला, शेवटपर्यंत वाचलं, उठल्या आणि बॅग भरायला घेतली.

नाना घाबरले आणि त्यांनी लेख पुसून टाकला. त्याने आगीत तेल पडलं. तोवर भाच्याकडून तो नाशिकच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेला होता. ज्यांनी वाचला नव्हता त्यांना एवढंच कळलं की विहीणबाईंबद्दल असं काही लिहिलं होतं की ते काढून टाकावं लागलं. श्रीखंडाचं राहिलं बाजूला, तर्क भलतीकडे गेले. चौथ्या दिवशी सून माझ्याकडे आली.

कोणते पर्याय होते

पहिला प्रश्न मुलाने विचारला : "हे व्यसन आहे ना?" जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीची अकरावी आवृत्ती जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात जुगाराच्या जोडीला डिजिटल खेळांचं व्यसन आहे. ब्लॉग लिहिण्याचं नाही. अशा वेळी मी नावाच्या मागे लागत नाही. झोप, जेवण, नाती आणि थांबता येतं का, एवढं पाहते. झोप मोडत होती, नाती ताणली होती, आणि थांबणं अवघड होतं. उपाय शोधायला एवढं पुरेसं आहे.

सगळ्यांना एकत्र बसवलं. मुलाचं म्हणणं, ब्लॉग बंद. नाना लगेच कबूल झाले, "उद्यापासून एक अक्षर नाही." मग थोडं थांबून विचारलं, "बंद केल्याबद्दल एकदा लिहू का?" आणि बैठकीतला ताण तिथेच सुटला, कारण विहीणबाईंच्या लेकीलाही हसू आवरलं नाही.

बंद करण्याला विरोध केला तो काकूंनी, ज्यांची झोप सगळ्यात जास्त मोडत होती. "बंद केलं तर हे दिवसभर माझ्यामागे स्वयंपाकघरात फिरतील. आणि निवृत्तीनंतरचं ते वर्ष मी पाहिलंय. ते परत नको." काकूंचं हे दुसरं वाक्य मला त्या दिवसातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. लिहिण्याने नानांना उभं केलं होतं, हे घरात फक्त त्यांनाच नीट आठवत होतं.

सुनेने सुचवलं, ब्लॉग खाजगी करा, निमंत्रण असेल त्यालाच दिसेल. सोय होती, पण उपयोग थोडा. दुखावली गेलेली माणसं घरचीच होती आणि निमंत्रण आधी त्यांनाच गेलं असतं. नात म्हणाली, नावं बदला. पण नाशिकहून श्रीखंड घेऊन आलेल्या विहीणबाई या घरात एकच आहेत, नाव काहीही ठेवलं तरी.

लिहावं पण प्रसिद्ध करू नये, असाही पर्याय होता. त्याला आधार भक्कम आहे. पेनेबेकर आणि बील या संशोधकांनी १९८६ मध्ये विद्यार्थ्यांना मनातलं दुःख सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं लिहायला लावलं होतं. पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या खेपा कमी झाल्या. ते लिखाण कोणाला दाखवण्यासाठी नव्हतं. पण नानांच्या मनात गाठ नव्हती. त्यांना सांगायचं होतं, आणि सांगायला समोर कोणीतरी लागतं. वही दिली असती तर चार दिवसांत कपाटात गेली असती.

काय केलं

आधी आकडा हातात घेतला. माझं ठाम मत होतं की नानांना लिहिण्याचा नाद आहे, पण ओढ आकड्याची आहे, आणि या दोन गोष्टी सुट्या कराव्या लागतील. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर दाखवलेली गोष्ट इथे लागू पडते. ठरल्या वेळी दाणा मिळाला की कबुतर मध्ये विसावा घेतं. कधी मिळेल याचा नेम नसला की ते टोचे मारतच राहतं. रात्री दोनला कधी तीन वाचक वाढलेले असत, कधी एकही नाही, म्हणूनच हात फोनकडे जात होता.

ब्लॉगरमध्ये मालकाच्या स्वतःच्या भेटी मोजायच्या की नाहीत, हे ठरवता येतं. नानांच्या ब्लॉगवर त्या मोजल्या जात होत्या. स्वतःचा लेख दिवसातून असंख्य वेळा उघडणाऱ्या माणसाचा सगळ्यात निष्ठावान वाचक तो स्वतःच होता. आता हे त्यांना सांगायचं कोणी? मुलाने सांगितलं असतं तर त्यात बोचरेपणा आला असता, म्हणून ते काम नातीकडे दिलं. दोघं फोन घेऊन बसले, मग टॅबलेट घेऊन, कारण ती सोय प्रत्येक उपकरणावर वेगळी बंद करावी लागते. दुसऱ्या दिवशी आकडा निम्म्याखाली आला. रशियाबद्दलही तिनेच सांगितलं : जाळ्यावर फिरणारे यांत्रिक प्रोग्राम पानं उघडत जातात आणि तेही वाचक म्हणून मोजले जातात. नानांनी विचारलं, "म्हणजे पुरणपोळीचं कोणीच नाही वाचलं?" नात म्हणाली, "मी वाचलंय."

नाना दोन दिवस गप्प होते. ते दोन दिवस तसेच जाऊ देणं आवश्यक होतं. काकूंना वाटत होतं आकडा परत लावून द्यावा, पण त्यांनी धीर धरला. तिसऱ्या दिवशी मी नानांना खऱ्या वाचकांची यादी करायला सांगितली, म्हणजे ज्यांनी कधीतरी फोन केला, पत्र लिहिलं, भेटून विचारलं अशांची. पुण्याची आत्या, शाळेतला मित्र, टोरांटोतली एक बाई जिचे वडील नानांच्या शेजारच्या वाड्यात राहायचे, बँकेतले तिघं. यादी दोन बोटं उंचीची झाली. नानांनी ती कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आणि त्या माणसांना धरून लिहायला लागले. इतका साधा बदल इतकं काम करेल असं मलाही वाटलं नव्हतं.

पुढे दोन गोष्टी ठरल्या. लेख शुक्रवारीच येईल, मधल्या दिवसांत तो मसुद्यात पडून राहील. आणि लेखात ज्याचा उल्लेख आहे त्याने आधी वाचायचा, त्याची हो असेल तरच पुढे जायचं. दुसऱ्या अटीवर नाना अडले. "मग राहील काय? सगळे म्हणतील आम्हाला काढा." तसं झालं नाही. माणसांना आपल्यावर लिहिलेलं आवडतं, त्यांना फक्त आधी माहीत असावं लागतं. मुलाने स्वतःच्या ऑफिसमधल्या फजितीवरचा लेख पास केला, वर दोन तपशील वाढवून दिले.

काकूंकडे मसुदे जायला लागले आणि घराला एक संपादक सापडला. पेन्सिल हातात घेऊन त्या बसत. पहिल्या परिच्छेदावर काट मारून म्हणत, "हा घसा साफ करण्याचा आहे, काढा. गोष्ट इथून सुरू होते." कीर्ती मंदिरावरच्या लेखातलं दुधाचं वाक्य मात्र त्यांनी काढू दिलं नाही. "तेवढंच खरं आहे त्यात."

विहीणबाईंचं उत्तर

विहीणबाईंना फोन करायचा, प्रत्यक्ष जायचं, की सुनेने मध्यस्थी करायची, यावर बरीच चर्चा झाली. सुनेला मध्ये घालायला मी विरोध केला, कारण दोन्हीकडून तिलाच ऐकावं लागलं असतं. नानांनी हाताने पत्र लिहिलं. एक पान. "तुमच्या समोर जे बोलायचं धाडस झालं नाही ते जगाला सांगितलं, हे चुकलं." काकूंनी त्यात एकही काट मारली नाही.

उत्तर पाच पानी आलं. चक्का आदल्या संध्याकाळपासून कसा टांगला होता, वेलदोडा कोणाकडून आणला, बसचं एसी सापुताऱ्याच्या घाटात कसं बंद पडलं, आणि शेवटी : "डब्याचं झाकण उघडलं तेव्हाच मला वास आला होता. म्हटलं, आता सांगावं, तर तुम्ही सगळे मिटक्या मारायला लागलात. जावईबापूंनी परत मागितलं. मग मीही मन घट्ट करून दोन वाट्या खाल्ल्या." म्हणजे त्या दुपारी पानावर बसलेला प्रत्येक जण दुसऱ्यासाठी आंबट श्रीखंड गोड करून खात होता, करणारीसुद्धा.

नानांनी परवानगी मागितली आणि ते पत्र त्यांच्या नावानिशी, एकही शब्द न बदलता ब्लॉगवर आलं. नाशिकच्या ग्रुपवर ते स्वतः विहीणबाईंनीच पाठवलं. नानांच्या कोणत्याही लेखाला आले नव्हते इतके फोन त्या पत्राला आले. टोरांटोच्या बाईंनी विचारलं की या ताई आणखी लिहितात का. आता त्या अधूनमधून लिहितात, आणि दोन्ही घरांत एक नवी चढाओढ लागली आहे.

आजची स्थिती

नाना रात्री झोपतात. आकडा पाहणं पूर्ण सुटलेलं नाही. शुक्रवारी ते पाहतात, शनिवारीही थोडं. गेल्या उत्तरायणाला फोन काकूंच्या कमरेच्या पिशवीत होता आणि फिरकी दोन्ही हातांत. दोन पतंग कापले. त्यावर लेख आला, पण पुढच्या शुक्रवारी, आणि नातीने पास केल्यावर.

काय वेगळं करता आलं असतं

लेख पुसण्याची घाई टाळायला हवी होती. दुखावलेला माणूस समोर बसलेला असताना आधी त्याच्याशी बोलायचं, मग त्याला विचारून लेखाचं काय करायचं ते ठरवायचं. विहीणबाई नंतर स्पष्ट म्हणाल्या, "पुसलात म्हणून वाईट वाटलं. लिहिलं होतं ते तसं बरं होतं." दोन ओळींचा खुलासा खाली जोडला असता तरी नाशिकचे तर्क थांबले असते.

घराने खूप उशिरा बोलायला सुरुवात केली, हेही खरं. "हे टाकू नका हं" असं लहान मूल दर वाक्याआधी म्हणायला लागतं तेव्हाच बसून ठरवायची वेळ झालेली असते. मोठी माणसं त्यावर हसत राहिली, कारण ते गोड वाटत होतं. ज्या घरात कोणी रोज लिहितं तिथे मुलांच्या बाबतीतला नियम पहिल्याच दिवशी ठरावा, असं मी आता प्रत्येक कुटुंबाला सांगते. मोठ्यांना रागावता तरी येतं.

त्या नियमाचं जुनं देणं अजून फिटलेलं नाही. नात आता वरच्या वर्गात आहे. नियम होण्याआधीच्या लेखांत तिचा पडलेला दात आहे, गणिताचे गुण आहेत, शाळेच्या स्नेहसंमेलनात स्टेजवर विसरलेली ओळ आहे. तिने यादी काढून आजोबांना दिली. नाना एकेक लेख तिच्याबरोबर बसून वाचतात आणि ती सांगेल ते काढतात. गुण गेले, स्नेहसंमेलन गेलं. दाताचा लेख नानांना ठेवायचा आहे, तिला नको आहे, आणि काकूंनी अजून कौल दिलेला नाही.